मात्राबाईंची नागीण

छापखान्यात त्यांना सगळे मात्राबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरीपटालाच काय ते ठाऊक. एकतीस वर्षं त्या प्रुफं तपासत होत्या. कॅलेंडर असो, वकिलाची नोटीस असो की कवितासंग्रह, सगळं त्यांच्या लाल पेनाखालून जायचं आणि शहाणं होऊन बाहेर पडायचं. मजकूर कितीही भंपक असला तरी त्या बोलत नसत. "खरं-खोटं ते लेखकाचं पाप," त्या म्हणायच्या. "ऱ्हस्वदीर्घ तेवढं माझं."

त्यांचे यजमान पाच वर्षांपूर्वी गेले. ते सदाचार मंडळाचे तहहयात अध्यक्ष होते. हयात संपल्यावर पदही संपायला हवं, पण मंडळाने ठराव करून त्यांची खुर्ची तशीच रिकामी ठेवली होती, आणि नवे अध्यक्ष शेजारच्या स्टुलावर बसत. मंडळात त्यांचं नाव कोणी घेत नसे. सगळे 'आदरणीय' म्हणत. आदरणीय मंडळातल्या दोन-चार जणांना घेऊन गावोगाव दौरे काढायचे आणि व्याख्यानं द्यायचे. संयम हा त्यांचा आवडता विषय. संयमावर ते सलग तीन तास बोलत, आणि ऐकणाऱ्यांना तो तिथल्या तिथे पाळायला लावत.

आता मंडळ त्यांचा स्मृतिग्रंथ काढत होतं. चारशे पानं, पुठ्ठा बांधणी, नाव 'निष्कलंक'. समितीच्या पहिल्या तीन बैठका 'निष्कलंक'मधला ष पोटफोड्या की शेंडीफोड्या यावर गेल्या. शेवटी मंडळाचे चिटणीस, जे आदरणीयांच्या प्रत्येक दौऱ्यात त्यांची पिशवी धरायला बरोबर असत, ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, घरचंच कार्य आहे. प्रुफं तुम्हीच बघा." मात्राबाईंनी हो म्हटलं. नवऱ्याचं चरित्र दुसऱ्या कोणी तपासलं असतं तर त्यांना झोप लागली नसती.

दुखणं सुरू झालं ते दोनशे बाराव्या पानाच्या सुमारास. डाव्या बरगडीखाली कोणी तापलेली सुई फिरवावी तसं व्हायला लागलं. बसून बसून पाठ धरली असेल, म्हणून त्यांनी खुर्चीत उशी घेतली. तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी पाहतात तो पोटापासून पाठीपर्यंत लाल पट्टा, आणि त्यावर पाण्याने टरारलेले फोड, ओळीने, अगदी छपाईचे खिळे जुळवल्यासारखे.

घरात नणंद होती. शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, भावावर जीव टाकणारी. तिने पट्टा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"वहिनी, ही नागीण आहे. एका बाजूला आहे तोवर ठीक. तिची दोन तोंडं मिळाली की माणूस संपतं."

"संपायला वेळ नाहीये, वन्सं. ग्रंथ एकवीस तारखेला आहे."

छापखान्यात बातमी पोचली तशी औषधंही पोचली. बाइंडर म्हणाला ओली माती थापा. मशीन चालवणारा म्हणाला, माती मुळीच नको, त्याच्या मेव्हण्याची नागीण मातीनेच चिघळली. त्यापेक्षा त्याच्या ओळखीतला एक जण नुसती फुंकर मारून नागीण उतरवतो. मालक म्हणाले, ताण घेऊ नका, आणि आणखी सोळा पानं टेबलावर ठेवून गेले.

घरचे डॉक्टर म्हणजे आदरणीयांचे जिवलग मित्र. मात्राबाई त्यांना भावोजी म्हणत. आदरणीय गेल्यापासून ते दर महिन्याला न चुकता येत, ब्लडप्रेशर बघत, जीभ बघत, वजन विचारत आणि टॉनिकची बाटली ठेवून जात. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, असं नणंद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. भावोजींनी पट्टा पाहिला. एरवी ते बोलायला लागले की घड्याळ बघावं लागे. त्या दिवशी त्यांनी मलम लिहून दिलं, "उष्णता वाढलीय," एवढंच म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

पाचव्या दिवशी ताप चढला. मग कपाळावर एक फोड आला, उजव्या दंडावर चार, मांडीवर सात-आठ, आणि संध्याकाळपर्यंत मोजणं सोडून द्यावं लागलं. नणंद आरसा घेऊन मागेपुढे फिरत दोन तोंडं मिळाली का ते बघत होती, आणि नागिणीला तोंडांची फिकीरच उरली नव्हती. ती सुटी होऊन सगळीकडे पसरली होती. छापखान्याच्या मालकांनीच गाडी काढली आणि मात्राबाईंना मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली त्वचारोगाची डॉक्टर तिशीच्या आतबाहेरची होती. तिने दिवा जवळ घेऊन पाठ पाहिली, दंड पाहिला, कान पाहिले, तोंडाच्या आतून पाहिलं. मात्राबाईंना ती बघण्याची पद्धत आवडली. मजकुरावर न भुलता अक्षर न् अक्षर बघत होती.

"काकू, गेल्या वर्षभरात वजन उतरलंय?"

"सात-आठ किलो. वयामुळे, असं आमचे डॉक्टर म्हणाले."

"तोंड सारखं येतं का?"

"येतं. त्याला टॉनिक चालू आहे."

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसली. "हे बघा. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. मणक्याजवळच्या नसांमध्ये तो दबून राहतो. पुढे कधी अंगातली ताकद कमी झाली की एका नसेतून बाहेर येतो. म्हणून नागीण एका बाजूला, एका पट्ट्यात असते. तुमची पट्टा सोडून अंगभर गेलीय."

"म्हणजे समास ओलांडलाय."

"तसंच. आणि ती अशी समास ओलांडते तेव्हा आम्ही आधी विचारतो, पहारेकरी कुठे गेले? म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती. ती का कमी झालीय ते शोधायला लागेल. रक्ताच्या बऱ्याच तपासण्या आहेत. रक्ताच्या कॅन्सरसाठी बघू. एचआयव्हीसाठीही बघू. त्याला तुमची सही लागेल."

मात्राबाईंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "माझे यजमान सदाचार मंडळाचे अध्यक्ष होते."

"बरं," डॉक्टर म्हणाली, आणि फॉर्मवर पेशंटचं वय लिहिलं. "घाई नाही. उद्या सकाळी नर्स येईल. तिच्याशी बोला, मग ठरवा. सलाइनमधून औषध मात्र आत्ताच सुरू करू."

त्यांना वेगळी खोली मिळाली, कारण असे फोड असले की दुसऱ्यांना कांजिण्या होऊ शकतात. खोलीत एक खिडकी, एक खुर्ची आणि भिंतीवर हात धुण्याच्या सूचना होत्या. सूचनांमध्ये शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या बघत बघत मात्राबाईंनी तो दिवस काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सच्या आधी भावोजी आले, मास्क लावून. खुर्ची त्यांनी लांब ओढली.

"वहिनी, तुमच्या वन्संनी फोनवर सांगितलं रक्त घेणार म्हणून. ही नवी मुलं पुस्तकी असतात. प्रत्येक फोडामागे जगातला प्रत्येक रोग शोधतात. त्या तपासणीला सरळ नाही म्हणा."

"कोणत्या तपासणीला?"

भावोजी खोकले. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, पण कान लाल झालेले दिसले.

"म्हणजे... सगळ्याच. मंडळाचं नाव आहे, वहिनी. उद्या कोणी कागद पाहिला, नुसतं तपासलं एवढंच कळलं, तरी चर्चा होते. ग्रंथ तोंडावर आलाय. नागीण आहे, आठ दिवसांत उतरेल. खोलात कशाला जायचं?"

मात्राबाईंनी वन्संना फक्त 'रक्त घेणार आहेत' एवढंच सांगितलं होतं. एकतीस वर्षांत त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती: लेखक ज्या ओळीवरून घाईघाईने पुढे सरकतो, चूक त्याच ओळीत असते. भावोजी गेल्यावर नर्स आली. बाईंनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. सही केली, आणि सहीतला दीर्घ नीट काढला.

निकाल दोन दिवसांनी आला. त्वचेची डॉक्टर दार लावून बसली. एचआयव्ही होता. पहारेकरी पेशी निरोगी माणसात हजाराच्या आसपास असतात. यांच्या एकशे साठ उरल्या होत्या.

"काकू, औषध आहे. रोज एक गोळी, आयुष्यभर. वेळेवर घेतलीत तर पेशी पुन्हा वाढतात, विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. तुमची नागीण वेळेवर बोलली. अजून वर्ष गेलं असतं तर काय झालं असतं, ते मी सांगत नाही."

"न्यूमोनिया," मात्राबाई म्हणाल्या.

डॉक्टरने मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी प्रूफ वाचलंय."

खरंच वाचलं होतं. ग्रंथात भावोजींचा लेख होता, 'तपस्व्याचे अखेरचे दिवस'. त्यात आदरणीय एका साध्या न्यूमोनियाशी कसे हसतमुखाने लढले, ते चार पानांत सांगितलेलं होतं. तो सगळ्यांत आधी हातात आला होता, म्हणून मात्राबाईंनी तो महिन्यापूर्वीच तपासला होता. दोन मात्रा आणि एक अनुस्वार दुरुस्त केला होता आणि 'फुप्फुस' हा शब्द बरोबर लिहिल्याबद्दल मनात भावोजींचं कौतुक केलं होतं.

त्यांनी भावोजींना बोलावून घेतलं. या वेळी खुर्ची त्यांनी स्वतःच जवळ ओढून ठेवली होती.

"बसा. ह्यांची तपासणी झाली होती का?"

भावोजी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती.

"त्याने मला शपथ घातली होती, वहिनी."

"कधी?"

"जायच्या आधी चार महिने."

"आणि न्यूमोनिया?"

"तो खोटा नव्हता हं. न्यूमोनियाच झाला होता. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही." ते जरा सावरून बसले. "फक्त पूर्ण लिहिलेलं नाही."

"पाच वर्षं माझी जीभ बघत होतात. काय शोधत होतात?"

यावर भावोजींनी मास्क काढला आणि रुमालाने तोंड पुसलं. ते पार म्हातारे दिसायला लागले होते. "दर वेळी वाटायचं, नसेल. नसेलच. तुम्ही ठणठणीत असायचात. मग वजन उतरायला लागलं. सांगायचं म्हटलं तर त्याचं नाव जातं. तुम्हालाही धक्का बसला असता."

"धक्का बसला असता," मात्राबाई म्हणाल्या. "म्हणून टॉनिक."

त्यांना ओरडावंसं वाटलं नाही. राग होता, पण तो कोणावर आधी काढावा हे कळत नव्हतं. एक गेलेला, त्याच्या नावाची खुर्ची पुसली जात होती. दुसरा समोर बसून रुमालाची घडी घालत होता. नवऱ्याबद्दल वाटलेलं त्यांनी नंतरही कधी कोणाला पुरतं सांगितलं नाही. त्या रात्री त्या उशीत तोंड खुपसून रडल्या, आणि सकाळी नर्सने विचारलं तेव्हा फोड दुखत होते म्हणाल्या. तेही खरंच होतं.

घरी आल्यावर वन्संना सांगणं हे सगळ्यांत अवघड काम होतं. वन्सं भाजी निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला कधी रक्त दिलं असेल. त्यातून आलं."

"मी जन्मात रक्त घेतलेलं नाही, वन्सं."

"मग दातवाल्याकडे."

"माझे सगळे दात शाबूत आहेत."

वन्संनी निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली आणि आत निघून गेल्या. चार दिवस त्या बोलल्या नाहीत. बाईंचा कप वेगळा ठेवला, टॉवेल वेगळा ठेवला. कपाने, टॉवेलने काही होत नाही, असं बाईंनी एकदा सांगितलं. दवाखान्यातून आणलेला कागदही टेबलावर ठेवला. पाचव्या दिवशी कागद जागेवरून हललेला दिसला आणि कप पुन्हा एकाच फळीवर आले. वन्सं दारात उभ्या राहिल्या.

"दादाची बॅग मीच भरायचे. प्रत्येक दौऱ्याची. सहा शर्ट, दोन टॉवेल, व्याख्यानाचे कागद." मग म्हणाल्या, "ग्रंथातला माझा लेख राहू द्या. त्याने मला सायकल शिकवली, मागून धरून पळायचा, ते सगळं खरंय. शेवटचा परिच्छेद तेवढा काढा. त्यात तो कधीच खोटं बोलला नाही असं लिहिलंय."

मात्राबाईंनी तो परिच्छेद काढला. मग भावोजींचं प्रूफ समोर घेतलं. आजवर त्यांनी कोणाच्या मजकुराला हात लावला नव्हता. त्यांनी 'साध्या न्यूमोनियाशी' या दोन शब्दांखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'कारण अपूर्ण. लेखकाने पूर्ण करावे. अन्यथा लेख वगळावा.' आणि प्रूफ भावोजींकडे पाठवून दिलं.

भावोजींनी लेख मागे घेतला. समितीत हाहाकार उडाला. तीनशे अठ्ठ्याऐंशीपासून तीनशे एक्क्याण्णवपर्यंतची पानं रिकामी पडली आणि अनुक्रमणिका छापून झालेली. नव्या अध्यक्षांनी स्टुलावरून सुचवलं, की आदरणीयांचा फीत कापतानाचा फोटो चारही पानांवर छापावा, दर पानावर थोडा मोठा करत. हा ठराव एकमताने मंजूर झाला. फक्त चिटणीसांना राहवलं नाही. ते घरी आले.

"वहिनी, डॉक्टर काही बोलत नाहीत. तुम्ही शेरा काय मारलात? मंडळाला कळायला नको?"

"कळायला हवंच," मात्राबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, जसं डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं तसं.

चिटणीसांनी चहाच्या कपात आणखी एक चमचा साखर घातली. बाईंना वाटलं, आता हे ग्रंथाचं काय म्हणून विचारतील, मंडळाच्या प्रतिष्ठेचं म्हणतील. चिटणीसांनी कप खाली ठेवला. दाराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून विचारलं, "हे... किती वर्षांनी कळतं म्हणालात?"

"दहा वर्षंही लागतात. काही लोकांना काहीच होत नाही तोवर."

"दहा," चिटणीस म्हणाले, आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागले. दौरे असावेत. करंगळीपाशी आल्यावर ते उठले आणि पिशवी तिथेच विसरून गेले.

ग्रंथ एकवीस तारखेला निघाला. मात्राबाई समारंभाला गेल्या नाहीत. प्रकृतीचं कारण कळवलं, ते खोटं नव्हतं. पट्ट्याच्या जागी अजून आग व्हायची, कपडा लागला तरी जीव जायचा, आणि फोडांचे डाग उतरायला वेळ लागणार होता. गोळी मात्र त्या रोज सकाळी आठ वाजता घेत. एकही दिवस चुकला नाही. पहिले पंधरा दिवस डोकं जड व्हायचं, विचित्र स्वप्नं पडायची; एका स्वप्नात आख्खा शब्दकोश ऱ्हस्व झाला होता. मग तेही थांबलं. सहा महिन्यांनी पेशी तीनशेच्या वर गेल्या आणि विषाणू तपासणीत सापडला नाही. त्वचेची डॉक्टर मुद्दाम वरच्या मजल्यावरून खाली आली सांगायला. बाईंनी तिला भिंतीवरच्या सूचनांची दुरुस्त केलेली प्रत दिली.

भावोजी आता घरी येत नसत. त्यांनी एकदा पत्र पाठवलं, आठ पानी, माफीचं. मात्राबाईंनी ते वाचलं. उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं.

गोळ्या दर महिन्याला तळमजल्यावरच्या खोलीतून घ्याव्या लागत; एचआयव्हीची तपासणीही तिथेच होई. बाहेर लांब बाक होता, वर घड्याळ. सातव्या महिन्यात बाई गेल्या तेव्हा बाक जवळजवळ भरलेला होता. कोपऱ्यात एक गृहस्थ वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसले होते, आणि ते उलटं होतं. मात्राबाईंच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. त्यांच्या पलीकडे मफलर गुंडाळलेले नवे अध्यक्ष होते, आणि भिंतीला टेकून, टोपी खाली ओढून, मंडळाचे दोन कार्यकारिणी सदस्य. मंडळाच्या बैठकीलाही एवढी हजेरी क्वचितच असे.

वर्तमानपत्र हळूच खाली आलं. चिटणीस होते.

"वहिनी," ते पुटपुटले. "मी साखर तपासायला आलोय."

"साखर दुसऱ्या मजल्यावर तपासतात."

चिटणीसांचा चेहरा असा झाला की बाईंना एकदम हसू आलं, आणि मागोमाग कीव आली. किती दिवस हा माणूस बोटं मोजत बसला असेल कोण जाणे. त्यांनी बाकावरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि शेजारी जागा केली.

"इकडे बसा. आत नर्स आहे ती चांगली आहे, घाबरवत नाही. निकाल वाईट आला तरी गोळी मिळते."

चिटणीस येऊन बसले. थोड्या वेळाने अध्यक्षही मफलर सैल करून, हातातली नंबराची चिठ्ठी सांभाळत एक जागा सरकले. आतून नंबर पुकारला गेला. कोणीच उठलं नाही. मंडळाचे चौघंही एकमेकांकडे बघत राहिले.

"तुमचाच आहे," मात्राबाई अध्यक्षांना म्हणाल्या. "चिठ्ठी सरळ धरा, दिसेल."